केबल आवळून देणाऱ्या उस्तादांना

उस्ताद,

हे पत्र उघड लिहितोय. बंद पाकिटात पाठवलं असतं तर ते तुमच्या बिलबुकाखाली जाऊन पडलं असतं, आणि प्रश्न माझ्या एकट्याच्या गाडीचा नाही. तुमचं नाव किंवा गॅरेजची पाटी मी इथे लिहीत नाही. भाईंदर पूर्वेत नवघर रोडपासून गोडदेवपर्यंत आणि फाटकापासून इंद्रलोकपर्यंत गॅरेजं गल्लोगल्ली आहेत. तुम्ही केलंत तेच करणारे त्यांत इतरही असतील. ज्याला हे लागेल त्याने ते स्वतःला लिहिलेलं समजावं.

आमची हेरल्ड तुम्हाला आठवत असेल. तशी गाडी तुमच्या दारात रोज येत नाही. स्टँडर्ड हेरल्ड मार्क थ्री, चार दारांची, वडिलांनी 1970 साली घेतलेली. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने बांधलेली ही गाडी म्हणजे इंग्लंडच्या ट्रायम्फ हेरल्डचा भारतीय अवतार. मूळ आराखडा इटलीच्या जिओव्हानी मिकेलोत्तीचा. तिचं अख्खं बॉनेट पुढच्या बाजूला उलटतं, तेव्हा तुमच्या गॅरेजमधली पोरं काम टाकून बघायला आली होती. तुम्हीसुद्धा कौतुकाने तिच्याभोवती एक फेरी मारलीत. मग मी तक्रार सांगितली. हँडब्रेकचा दांडा शेवटच्या खाचेपर्यंत वर येतो, हाताला जोर लागत नाही, आणि उतारावर गाडी तरीही सरकते.

तुम्ही पाना घेऊन गाडीखाली आडवे झालात. जॅक लावला नाही, चाक काढलं नाही, ड्रम उघडला नाही. केबलचा नट फिरवलात, हात पुसत बाहेर आलात आणि दांडा ओढून दाखवलात. तिसऱ्या खटक्यावर कडक. “हो गया साहब. अब पहाड पे भी खडी करो.”

त्याच आठवड्यात ती आमच्या सोसायटीच्या रॅम्पवरून मागे गेली. पार्किंगच्या फाटकाची साखळी काढायला म्हणून मी उतरलो होतो. पाठ वळली आणि गाडी हलली. खांबाला धडकून थांबली. मागचा दिवा फुटला, बंपर आत गेला. त्या खांबाजवळ संध्याकाळी मुलं सायकली लावतात. त्या वेळी तिथे कुणी नव्हतं, म्हणून हे पत्र तुम्हाला येतंय, पोलीस ठाण्याला नाही. मी धावत जाऊन दार उघडलं तेव्हा दांडा तिसऱ्याच खटक्यावर ताठ उभा होता. तुम्ही ठेवलात तसा.

माझा आरोप इतकाच आहे, उस्ताद. तुम्ही दांडा कडक करून दिलात आणि ब्रेक होता तसाच ठेवलात. तापाने फणफणलेल्या माणसाच्या तोंडातून थर्मामीटर काढायचा, झटकून पारा खाली आणायचा आणि घरच्यांना सांगायचं की ताप उतरला, असा हा प्रकार झाला. फरक एवढाच की त्या माणसाच्या घरच्यांना त्याच्या कपाळाला हात लावून बघता येतं. मला ड्रमच्या आत हात घालून बघता येत नव्हतं. म्हणून तर तुमच्याकडे आलो होतो.

आता आत काय निघालं ते सांगतो. गाडी मी दुसऱ्या एका कारागिराकडे नेली. त्याने पुढच्या चाकांना लाकडी गुटके लावले, मागची बाजू उचलून स्टँडवर ठेवली आणि सगळ्यात आधी केबल पूर्ण ढिली केली. तुमचं काम त्याने पहिल्या मिनिटाला मोडलं आणि मग तपासायला बसला. ड्रम काढले तेव्हा दिसलं, की तुम्ही केबल ताणून ठेवल्यामुळे शू ड्रमला घासत होते. लायनर चकाकत होते, भाजून गुळगुळीत झालेले. डाव्या चाकाचा व्हील सिलिंडर बॅकप्लेटच्या खाचेत गंजून घट्ट बसला होता. उजवीकडे हबच्या सीलमधून झिरपलेलं तेल लायनरवर पसरलेलं होतं आणि ॲडजस्टरचा चौकोनी माथा कुणीतरी चुकीच्या पान्याने गोल करून ठेवला होता. केबलच्या टोकांना ज्या पिना असतात त्यांची भोकं लांबट झाली होती. या सगळ्यावर तुमचा इलाज काय, तर एक नट दोन-चार वेढे आत.

ही गाडी कशी थांबते ते तुम्हाला माहीत असायला हवं. माहीत असेल, तर तुमचा गुन्हा आणखी मोठा होतो. तरी लिहितो, कारण हे पत्र गाडीवालेही वाचतील. हेरल्डच्या मागच्या चाकात दोन ब्रेक शू असतात. व्हील सिलिंडर एका बाजूच्या शूला ढकलतो, आणि त्या धक्क्याच्या उलट जोराने सिलिंडर स्वतः बॅकप्लेटच्या खाचेत सरकून दुसऱ्या शूला ढकलतो. सिलिंडर सरकला तरच दोन्ही शू लागतात. हँडब्रेकची लिव्हरही इथेच, याच पद्धतीने काम करते. केबल ओढली की ती एका शूला दाबते आणि सिलिंडर सरकून दुसऱ्याला. सिलिंडर खाचेत गंजला की एकच शू काम करतो. मग दांडा छतापर्यंत ओढा, नाहीतर नट पार शेवटपर्यंत आवळा, दुसरा शू जागचा हलत नाही. माझ्या डाव्या चाकात नेमकं हेच झालं होतं. उजव्या चाकात तेलाने बुळबुळीत झालेले लायनर ड्रमला चिकटण्याऐवजी घसरत होते. म्हणजे माझी गाडी जेमतेम एक-दीड शूवर उभी होती, आणि तुम्ही मला पहाड सांगत होतात.

याच्या पुढची गोष्ट जास्त गंभीर आहे. पायाचा ब्रेकसुद्धा याच सिलिंडरवर चालतो. हँडब्रेकची तक्रार घेऊन आलेली गाडी तुम्हाला तिच्या पायाच्या ब्रेकबद्दलही सांगत होती. मागची चाकं अर्ध्या जोराने थांबत होती. ही गाडी घेऊन मी काशिमिऱ्याहून घोडबंदर रस्त्याला लागतो, गायमुखचा घाट उतरतो. एक चाक उघडून बघायला तुम्हाला किती वेळ लागला असता?

केबल आवळल्याने नुकसान कसं होतं तेही सांगतो, कारण ‘फायदा नाही तर निदान तोटा तरी नाही’ अशी तुमची समजूत दिसते. शू झिजले की ते ड्रमपासून लांब राहतात. ते अंतर भरून काढायला बॅकप्लेटमागे ॲडजस्टर दिलेला आहे. तुम्ही ते अंतर केबलने भरलंत. त्यामुळे दांडा खाली असतानासुद्धा आतल्या लिव्हर अर्ध्या ओढलेल्याच राहिल्या. शूला आपल्या मूळ जागी परत जाता येईना. ते ड्रमला घासत राहिले, तापले, लायनर भाजले. भाजलेला लायनर पकड सोडतो. पेट्रोल जास्त जातं, गाडी जड चालते, आणि मुख्य म्हणजे पुढच्या मेकॅनिकला दांडा कडक दिसतो म्हणून तोही आत बघत नाही. तुमचा नट पुढच्या माणसालाही फसवतो.

शिवाय आतली लिव्हर अर्ध्यापेक्षा पुढे ओढलेली असली की तिचा कोन बिघडतो. सुरुवातीच्या कोनात ती जेवढ्या जोराने शू दाबते तेवढा जोर पुढे मिळत नाही. हाताला कडक लागतं, चाकाला कमी पोचतं. तिसऱ्या खटक्यावरचा तो कडकपणा म्हणजे केबलचा ताण होता. ड्रमवरची पकड त्यात नव्हतीच.

आकडे मांडतो. हेरल्डचं रिकामं वजन साधारण 800 किलो. आठ फुटांना एक फूट चढणारा रॅम्प धरला, आणि आपल्याकडच्या नव्या इमारतींचे पोडियमचे रॅम्प असे असतात, तर गाडीला मागे ओढणारा जोर सुमारे 100 किलोचा. आत चार माणसं बसली की तो आणखी वाढतो. संयुक्त राष्ट्रांच्या आर-13-एच या नियमानुसार आजच्या मोटारीच्या हँडब्रेकने भरलेली गाडी 20 टक्के उतारावर धरून ठेवली पाहिजे, आणि हाताने ओढायच्या दांड्यावर 400 न्यूटनपेक्षा, म्हणजे सुमारे 40 किलोपेक्षा, जास्त जोर द्यावा लागता कामा नये. माझी गाडी या नियमाच्या कितीतरी आधीची आहे. पण गुरुत्वाकर्षणाला गाडीचं मॉडेल विचारायची सवय नाही. 1970 च्या गाडीलाही रॅम्प तेवढ्याच जोराने ओढतो.

तुमची उत्तरं मला आधीच ठाऊक आहेत. ती मी भाईंदरमध्येच नव्हे, कुर्ल्यापासून वसईपर्यंत ऐकली आहेत.

पहिलं उत्तर, “पुरानी गाडी है, इतना चलता है.” नाही चालत. जुन्या गाडीला दोन इंचांची मोकळी ढील वयोमानाने येत नाही. ती प्रत्येक जोडाच्या झिजेतून येते, आणि प्रत्येक झीज शोधून काढता येते. आमची गाडी नवी असताना दांडा काही खटक्यांतच अडायचा, हे वडिलांनी मला गाडी शिकवताना दाखवलेलं आहे. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेल्या आणि मूळ रूप राखलेल्या गाड्यांना ‘विंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, नव्या नोंदणीला 20,000 रुपये लागतात. ज्या गाडीला सरकार जपण्यासारखी मानतं तिला तुम्ही ‘इतना चलता है’ म्हणता.

दुसरं उत्तर, “पार्ट नहीं मिलता.” हे वाक्य भाईंदर पूर्वेत बसून म्हणायला मन घट्ट करावं लागतं. तुमच्या गॅरेजपासून हाकेच्या अंतरावर औद्योगिक वसाहतींचे गाळे आहेत. स्टीलची भांडी दाबणारे, पॉलिश करणारे, पट्ट्या कापणारे, लेथवर पिना-बुश काढणारे. अख्ख्या मुंबईच्या स्वयंपाकघरात इथली भांडी जातात. लांबट झालेलं भोक भरून पुन्हा पाडायचं आणि मापाची पीन फिरवायची, एवढं काम होतं. ते दुसऱ्या कारागिराने अशाच एका गाळ्यात करून घेतलं. लेथवाल्याने वहीच्या कागदावर आकृती काढून घेतली, माप दोनदा विचारलं आणि पीन अशी दिली की भोकात बसताना हवा निघाल्याचा आवाज आला. लायनर जुन्या शूवर नवे बसवून मिळतात. सील मापाने मिळतात. व्हील सिलिंडरची गोष्ट जरा कठीण होती हे मान्य. पण जुन्या भागांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड आहे, चोरबाजार आहे, आणि इंग्लंडमध्ये ट्रायम्फ हेरल्डचे ब्रेकचे भाग आजही नव्याने बनतात. मागवले की येतात. या गावात हातांची आणि हुन्नराची कमतरता कधीच नव्हती. तुम्ही विचारायलाही गेला नाहीत.

तिसरं उत्तर मला सगळ्यात धोकादायक वाटतं. “हँडब्रेक कौन लगाता है साहब, गिअर में डालो.” गिअरमध्ये टाकावीच. पण गिअर हा जोडीला असतो, हँडब्रेकच्या बदल्यात नसतो. जुन्या इंजिनाचं कॉम्प्रेशन उतरलेलं असलं की गाडी गिअरमध्ये असूनही एकेक झटका देत उतरत जाते. आणि ज्या गाड्यांत गिअरचा खटका ‘पार्क’वर टाकला की काम झालं असं मानतात, तिथेही काय होतं ते जगाने बघितलं आहे. 19 जून 2016 रोजी ‘स्टार ट्रेक’ चित्रपटांतला 27 वर्षांचा नट अँटन येल्चिन लॉस एंजेलिसमधल्या आपल्या घराच्या उतारावर मेला. त्याची स्वतःची जीप मागे घरंगळत आली आणि तिने त्याला विटांच्या खांबाशी दाबलं. गिअरच्या त्या खटक्यामुळे चालकांचा गोंधळ होतो म्हणून कंपनीने जगभरातल्या सुमारे 11 लाख गाड्या आधीच परत बोलावलेल्या होत्या. गाडी महाग होती, नवी होती, अमेरिकेतली होती. उतार मात्र आपल्या रॅम्पसारखाच साधा होता.

आपल्याकडे कायदाही आहे. मोटार वाहन कायदा 1988, कलम 126. चालकाच्या जागेवर परवानाधारक माणूस नसेल तर सार्वजनिक जागी गाडी उभी ठेवताना इंजिन बंद हवं आणि ब्रेक लावलेला हवा, किंवा गाडी आपोआप हलणार नाही असा दुसरा बंदोबस्त केलेला हवा. ही जबाबदारी गाडीवाल्याची आहे, आणि ती तो तुमच्या शब्दावर पार पाडत असतो. चाकाला दगड लावत फिरणारे रिक्षावाले, टेम्पोवाले भाईंदरच्या फाटकाजवळ रोज दिसतात. त्यांना दगड का लागतो याचं उत्तर तुमच्यासारख्यांच्या पान्यात आहे.

आता आपल्या गावाबद्दल, कारण इथे हँडब्रेक का लवकर बिघडतो याचा विचार इथल्या मेकॅनिकने नाही करायचा तर कुणी करायचा? उत्तरेला वसईची खाडी, आजूबाजूला मिठागरं. जेसल पार्कच्या चौपाटीवर संध्याकाळी उभं राहिलं की ओठ खारट होतात. हीच हवा चोवीस तास केबलवर, पिनांवर, बॅकप्लेटवर बसते. पावसाळ्यात भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की पूर्वेचे सखल रस्ते भरतात. उभ्या गाडीची चाकं पाण्यात असतात, आणि ते पाणी ड्रममध्ये शिरतं. पाणी ओसरतं, ओल आत राहते. त्यावर गाडी महिना-महिना उभी. हेरल्डसारख्या गाड्या रोज चालत नाहीत, रविवारी बाहेर निघतात. म्हणून सरकणारे सांधे सरकायचं विसरतात. केबल तुटण्याच्या कितीतरी आधी सिलिंडर खाचेत अडकतो, ॲडजस्टर गोठतो, मधला तो तुकडा अडतो जो दोन्ही चाकांना सारखी ओढ वाटून देतो. खाडीकाठच्या मेकॅनिकने हँडब्रेकची तक्रार ऐकली की पहिला संशय गंजाचा घ्यावा. तुम्ही केबल लांबली असं गृहीत धरलंत. पोलादी केबल नाडीसारखी सहज लांबत नाही, उस्ताद. ती खरोखर लांबली असेल तर तिच्या तारा सुटत चाललेल्या असतात, आणि अशी केबल आवळायची नसते, फेकायची असते.

त्या दुसऱ्या कारागिराने कोणत्या क्रमाने काम केलं ते मी शेजारी उभं राहून बघितलं. तो क्रमच महत्त्वाचा आहे, म्हणून नीट लिहितो. केबल ढिली करून झाल्यावर त्याने सिलिंडर खाचेतून मोकळा केला, खाच घासून साफ केली, उष्णता सोसणारं थोडं ग्रीस लावलं आणि बोटाने ढकलून तो सरकतो की नाही ते पाहिलं. ॲडजस्टर भेदक तेलात भिजवून, गोल झालेला माथा बदलून, सहज फिरेल असा केला. सील बदललं. तेल लागलेले लायनर त्याने पेट्रोलने धुवून पुन्हा लावले नाहीत, टाकून दिले. लायनर तेल पितो, ते धुऊन निघत नाही. ड्रमला आतून कड पडली आहे का, तो लांबट झाला आहे का ते मापून बघितलं. मग सगळं बसवून दोन्ही ॲडजस्टर चाक घट्ट अडेपर्यंत आत फिरवले. चाकं अशी बंद असताना, दांडा पूर्ण खाली असताना, केबलमधली फक्त मोकळी ढील काढली. त्याहून एक वेढाही जास्त नाही. त्यानंतर ॲडजस्टर एकेक खटका मागे घेतले, चाक हाताने मोकळं फिरेपर्यंत. दांडा ओढला. मग गाडी खाली उतरवून, चाकं जमिनीवर असताना पुन्हा ओढून बघितला, आणि खऱ्या उतारावर नेऊन तिसऱ्यांदा. केबलला हात लागला तो शेवटी, आणि तोही ड्रम बरोबर असल्याची खात्री झाल्यावर.

एका बाबतीत मात्र तो आणि तुम्ही सारखेच निघालात, आणि ते इथे लिहिलंच पाहिजे. ड्रम उघडल्यावर त्याने आतली काळी भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायला पाइप उचलला. तुमच्याकडेही मी दुसऱ्या एका गाडीवर हेच होताना पाहिलं होतं, आणि शेजारी चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा तोंडाला काही न बांधता उभा होता. जुन्या गाड्यांच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ती भुकटी फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही, आणि तिचा कॅन्सर कित्येक वर्षांनी उठतो. मी पाइप त्याच्या हातातून घेतला. त्याने कुरकुर न करता ओल्या फडक्याने भुकटी पुसली आणि फडकं पिशवीत बांधून टाकलं. तुम्हीही निदान एवढं कराच. तो पोरगा तुमच्या भरवशावर तिथे उभा असतो.

त्या कारागिराने तुमच्या कितीतरी पट पैसे घेतले. त्याचा हिशेब कागदावर होता: सील, लायनर, लेथचं काम, सिलिंडर, मजुरी. मी एक रुपया कमी करायला सांगितला नाही. तुम्ही घेतलेले पैसे थोडे होते, तरी ते जास्त होते, कारण ते धोका वाढवायचे घेतलेले होते. आणि तुम्ही गिऱ्हाइकाला दोष द्याल, की लोकांना दोन मिनिटांत आणि स्वस्तात हवं असतं, तर मला विचारून तरी बघायचं होतंत. “ड्रम खोलावा लागेल, गाडी दोन दिवस राहील, खर्च येईल,” एवढी तीन वाक्यं. मी गाडी तिथेच सोडून रिक्षाने घरी गेलो असतो. ज्याला परवडत नाही तो निदान चाकाला दगड लावेल, उतारावर गाडी ठेवणार नाही. खोटा कडक दांडा घेऊन मात्र तो बिनधास्त पाठ वळवतो.

मला तुमच्याकडून पैसे परत नको आहेत. खांबाला लागलेल्या बंपरचा खर्चही मागत नाही. हेरल्डची काळजी आता घेतली गेली आहे.

काळजी दुसऱ्या गाड्यांची आहे. तुमच्या दारात मी उभा होतो त्या वेळी रांगेत शाळेच्या पोरांना ने-आण करणाऱ्या दोन व्हॅन होत्या. त्यांच्याही मागच्या चाकांत ड्रमच असतात आणि त्यांचा हँडब्रेकही केबलनेच ओढला जातो. त्या व्हॅन सकाळी इमारतींच्या उताराशी थांबतात, चालक खाली उतरून सरकतं दार उघडतो, आणि मुलं गाडीच्या मागून धावत येतात. त्यांतल्या किती गाड्यांचे दांडे तुम्ही असे तिसऱ्या खटक्यावर आणून दिले आहेत, ते तुमच्या बिलबुकात लिहिलेलं आहे. नंबर आहेत, फोन आहेत. शाळा भरलेल्या आहेत.

त्या गाड्या परत बोलवा, उस्ताद. जॅक लावा, ड्रम उघडा, केबल सगळ्यात शेवटी. सुरुवात व्हॅनपासून करा, आणि हे काम पावसाळ्याच्या आधी संपवा.

आपला,
नवघर रोडच्या बाजूचा एक हेरल्डवाला